जुनी स्पोर्ट्‌स कार, नवे टायर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

क्लासिक स्पोर्ट्‌स कारच्या टायरांबद्दल या वेळी इतकी पत्रे आली, की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले. काही पत्रे लांबलचक होती. प्रश्न तेवढे ठेवून छाटली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे १९६७ ची एमजीबी जीटी आहे. तारांची चाके, १४ इंची. टायर पार गोटा झालेत. गॅरेजवाला म्हणतो, १९५/६० आर १४ टाका; रुंद टायर, जास्त ग्रिप, आणि गाडी दिसतेही दणकट. टाकू का? – एक वाचक, पुणे

नका टाकू. दिसण्याचे सोडा, तो टायर तुमच्या चाकाचा नाहीच. एमजीबीच्या तारांच्या चाकाची रिम साडेचार इंच रुंद असते आणि १९५/६० ला किमान साडेपाच इंची रिम लागते. अरुंद रिमवर चढवला की दोन्ही कडा आत ओढल्या जातात, टायर मध्ये फुगतो आणि रस्त्याला फक्त मधला पट्टा टेकतो. म्हणजे पैसे १९५ चे आणि टेकणारे रबर जुन्या टायरएवढेच, तेही मधोमध झिजणारे.

आता उंचीचा हिशोब करा. जीटीला मूळ माप १६५ आर १४. जुन्या मापांत दुसरा आकडा लिहिलेला नसतो, तेव्हा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या साधारण ८० ते ८२ टक्के धरायची. १६५ चे ८० टक्के १३२ मिमी, वर-खाली मिळून २६४, त्यात १४ इंची रिमचे ३५६ मिळवले की चाकाचा व्यास ६२० मिमी होतो. १९५/६० चा हाच हिशोब ५९० वर येतो. ३० मिमीचा फरक. गाडी १५ मिमी खाली बसणार, प्रत्यक्षात ९५ ने जाताना स्पीडोमीटर १०० दाखवणार, आणि एक्सप्रेसवेवर इंजिन सतत पाच टक्के जास्त फिरणार. एमजीबीचे एक्झॉस्ट आधीच जमिनीलगत असते. आपल्याकडचे स्पीडब्रेकर पाहता ते १५ मिमी महागात पडतील.

खरा मुद्दा सस्पेन्शनचा आहे. या गाडीची आखणी उंच, मऊ भिंतीच्या टायरवर झाली. वळणावर बॉडी झुकते, तसे चाकही बाहेर झुकते. गोल खांद्याचा उंच टायर हे झुकणे पोटात घेतो आणि सुटायच्या आधी कुरकुर करून सांगतो. चौकोनी खांद्याचा बसका टायर झुकलेल्या चाकावर कडेवर उभा राहतो. पकड असते तोवर खूप असते, आणि जाते ती एकदम जाते. पॉवर स्टिअरिंग नसल्याने गाडी लावताना हात भरून येतील ते वेगळेच. जास्तीचा ताण तारांवर आणि पुढची चाके ज्यांवर वळतात त्या किंगपिनवर येतो. मागच्या चाकांच्या तारा पटापट तुटू लागल्या, तर कारण बहुधा हेच असते.

मग टाकायचे काय? पहिली पसंती त्याच काळातल्या घडणीच्या १६५ एचआर १४ ला. पिरेल्लीच्या सिंतुरातोची जुनी नक्षी नव्या रबरात पुन्हा निघते. या गाडीला त्याहून चांगला टायर शोधत बसू नये. अडचण आणण्याची आहे. जून २०२० पासून नव्या मोटार टायरांची आयात आपल्याकडे प्रतिबंधित यादीत आहे, त्यासाठी परवाना लागतो, आणि टायरवर आयएसआय चिन्हही हवे. ‘मित्र लंडनहून चार टायर पाठवतो’ ही योजना कस्टममध्ये अडकते, हे आधीच धरून चाला.

दुसरा पर्याय तुमच्या चौकातल्या टायरवाल्याकडे आहे. मारुतीच्या स्विफ्ट आणि डिझायरच्या काही मॉडेलांना १६५/८० आर १४ येतो. तुमच्या मूळ मापाशी तो तंतोतंत जुळतो. त्यावरचा ८५ टी म्हणजे टायरमागे ५१५ किलो वजन आणि ताशी १९० किमी वेग. एमजीबीचा कमाल वेग १७० च्या आसपास आहे, तेव्हा तिथेही अडचण नाही. मात्र हे टायर पेट्रोल वाचवण्यासाठी बनवलेले असतात, रबर जरा कडक असते. सिंतुरातोची पकड मिळणार नाही, विशेषतः पावसाळ्यात घाटात. पण सुटतात ते सावकाश, सांगून सुटतात, आणि ९५ अश्वशक्तीच्या गाडीला तेवढे पुरते. १८५/७० आर १४ सुद्धा आपल्याकडे मिळतो, व्यास ६१५ मिमी. पण साडेचार इंच ही त्याच्या रिमची अगदी खालची मर्यादा, आणि एमजीबीत मागच्या डाव्या चाकाला मडगार्डच्या आतल्या कडेशी जागा कमी असते. दोन माणसे मागे बसवून खड्ड्यातून गेलात की घासल्याचा आवाज येईल. तारांची चाके ठेवायची असतील तर १६५ वरच थांबा.

आणखी एक. गाडी व्हीए, म्हणजे विंटेज गाड्यांच्या मालिकेत नोंदवली असेल, तर ती रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढेच. वर्षाला हजार-दीड हजार किमी झाले तरी पुष्कळ. असे टायर झिजून नव्हे, वयाने जातात. तेव्हा ‘हा ६० हजार चालतो’ या दुकानदाराच्या वाक्याला काही अर्थ नाही.

हवा : हॅण्डबुकात एमजीबी रोडस्टरच्या (उघड्या छताच्या एमजीबीच्या) रेडियलना पुढे २१, मागे २४ पीएसआय दिले आहे. आपल्या रस्त्यांवर ते कमी वाटते. २६ आणि २८ पासून सुरुवात करा, आणि पुढे-मागे हा दोनचा फरक मोडू नका.

प्रश्न : तारांच्या चाकांत ट्यूब टिकत नाही. दर महिन्याला एक पंक्चर, खिळा मात्र कुठेच सापडत नाही. टायर ट्यूबलेस आहेत, ट्यूब नव्या आहेत. – एक वाचक, कोल्हापूर

पंक्चरवाल्याला पुढच्या वेळी ठिगळ लावू देण्याआधी थांबवा आणि भोक ट्यूबच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहा. उत्तर तिथेच आहे.

भोक आतल्या घेराला, म्हणजे रिमच्या बाजूला असेल, तर तारेचे टोक लागते आहे. कुणीतरी ढिल्या तारा टायर चढवलेला असतानाच आवळल्या असणार. आवळली की तार निपलमधून आत सरकते. टायर काढा, रिमच्या आतून फडके फिरवा (बोट नको, कापेल). जिथे धागा अडकेल ते टोक कानशीने निपलच्या बरोबरीत आणा. मग रिमवर रबरी पट्टी बसवा. जुनी ताणलेली पट्टी सरकते, म्हणून नवीच घ्या, आणि ती तारांच्या दोन्ही ओळी पूर्ण झाकते ना ते पाहा.

भोकाऐवजी खरवडल्यासारखा करडा, पातळ पट्टा दिसत असेल, तर दोष टायरच्या आतल्या बाजूचा. ट्यूबलेस टायर आतून गुळगुळीत असेलच असे नाही. बारीक कंगोरे असतात, आणि कंपनीचे कागदी लेबल तर हमखास चिकटवलेले असते. त्या लेबलाची कड ट्यूब घासून फाडते. लेबल काढा, गोंदही पुसा, आणि आत टाल्कम पावडर भुरभुरा. मूठभर नको, गोळे होतात.

सरळ रेषेत चीर असेल, तर ट्यूब मोठी आहे. १६५-१४ च्या टायरमध्ये ‘बसते की’ म्हणून १८५ ची ट्यूब घातली की तिला घडी पडते आणि घडीवर ती फाटते. वॉल्व्हच्या बुडाशी फाटली असेल, तर हवा कमी होती. ब्रेक लावताना टायर रिमवर सरकला आणि ट्यूब वॉल्व्हपाशी ओढली गेली.

बसवताना ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरा, टायर चढवा, वॉल्व्ह सरळ ठेवून पूर्ण हवा भरा, मग सगळी सोडा आणि पुन्हा भरा. या दुसऱ्या भरण्यात घड्या मोकळ्या होतात. कड बसत नाही म्हणून ४० पीएसआयच्या वर जाऊ नका. साबणाचे पाणी लावून परत प्रयत्न करा.

चाक निघालेच आहे तर तारा पान्याने हलके वाजवून बघा. ताणलेली तार खणखणते, ढिली बद्द वाजते. एखाद-दुसरी ढिली असेल तर टायर उतरवून आवळता येते. चार-पाच असतील, किंवा फिरवल्यावर रिम दोन मिमीपेक्षा जास्त डुलत असेल, तर चाक पुन्हा बांधायलाच द्या. तिरके चाक टायरच्या माथी मारून बॅलन्सिंगच्या वजनांनी सरळ होत नाही. बॅलन्सिंगवरून आठवले : तारांचे चाक मशीनवर नेहमीच्या शंकूने मध्यावर येत नाही. हब जिथे बसतो त्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही उतरत्या कडांना बसणारे शंकू हवेत. ते नसतील तर मशीन दर वेळी वेगळा आकडा दाखवते, आणि तुम्ही उगाच टायरला नावे ठेवता. चाक परत लावताना हबच्या दात्यांना आणि शंकूला ग्रीसचा पातळ थर द्या. गाडी पुढे-मागे घेताना ‘टक्’ असा आवाज येत असेल तर दाते झिजलेत. तिथे नवा टायर काही करू शकत नाही.

प्रश्न : घरी वडिलांच्या वेळची एमजी टीडी आहे. वर्षातून दोन-तीनदाच बाहेर पडते. टायरची नक्षी अजून पाच मिमी आहे, पण भिंतीवर बारीक रेघा दिसतात. बाजूवर १११० असे कोरले आहे. चालवावेत का? – एक वाचक, मडगाव

१११० म्हणजे २०१० सालचा अकरावा आठवडा. २००० पासूनच्या टायरांवर ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी असे चार आकडे असतात. तीनच आकडे दिसले तर टायर गेल्या शतकातला. तुमचा दहा वर्षांची मर्यादा केव्हाच ओलांडून गेला आहे. उतरवा. नक्षी किती आहे हा प्रश्न इथे गैरलागू आहे.

रबरात ओझोनपासून जपणारे मेणासारखे द्रव्य मिसळलेले असते. टायर फिरतो, दबतो, तेव्हा ते पृष्ठभागावर येत राहते. उभ्या गाडीत ते येत नाही. रबर कडक होते, चिरते, आणि उन्हात पार्किंग असेल तर लवकरच. बाहेरच्या रेघा दिसतात तरी. आतल्या थरांतली चिकटण कधी सुटली ते कळत नाही. ते कळते ८० च्या वेगात, नक्षीची पट्टी निघून मडगार्डवर आपटते तेव्हा.

नवे घेताना टीडीला मूळचा ५.५०-१५ नायलॉन, म्हणजे तिरप्या, एकमेकांना छेदणाऱ्या धाग्यांचा क्रॉसप्लाय, हवा की रेडियल? वर्षाला तीन फेऱ्यांसाठी मूळ माप उत्तम. स्टिअरिंग हलके राहते, दिसतेही बरोबर. सरळ रस्त्यावर गाडी थोडी चर धरून भटकते, त्याची सवय करावी लागते. लांब पल्ल्याचा बेत असेल तर १६५ आर १५ रेडियल. पाचही चाकांना एकच जात, एवढे मात्र कटाक्षाने पाळा.

पुढच्या वेळी गाडी उभी करताना हवा ३५ ते ४० पीएसआय ठेवा, म्हणजे एका जागी चपटे होत नाहीत, आणि चालवण्यापूर्वी परत उतरवा. शेजारी इन्व्हर्टर, जनरेटर, कॉम्प्रेसर ठेवू नका. विजेच्या ठिणग्यांतून ओझोन होतो. टायर काळेभोर चमकवणारी तेलकट पॉलिश तर अजिबात नको, ती रबर सुकवतात.

प्रश्न : १९६३ ची जॅग्वार ई-टाइप ३.८. चारही डनलप आरएस५ नमुन्याचे क्रॉसप्लाय आहेत. मागचे दोन जवळजवळ नवे आहेत. सध्या फक्त पुढे रेडियल टाकले तर? – एक वाचक, लेस्टर

ब्रिटनमध्ये पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय हे कायद्यानेच चालत नाही. कायदा उगाच केलेला नाही. रेडियल थोड्याशा कोनातच वळणाचा जोर देतो, क्रॉसप्लायला तेवढ्याच जोरासाठी जास्त कोन लागतो. पुढे रेडियल असले की नाक लगेच वळते, मागचे चाक मागे पडते, आणि ओल्या राउंडअबाउटवर गाडी फिरते. ई-टाइपचे शेपूट तसेही आज्ञाधारक नाही.

तेव्हा चारही बदला, १८५ व्हीआर १५. पाच इंची रिमला हेच माप शोभते. २०५/७० आर १५ हे बारा सिलिंडरच्या व्ही१२ ई-टाइपचे, सहा इंची रिमचे माप. पाच इंचीवर ते बसते, पण स्टिअरिंग जड होते आणि वळणात भिंत लोळते. जुना ‘व्हीआर’ शिक्का म्हणजे २१० च्या वर. आजचा ‘व्ही’ म्हणजे २४०. इतका वेग कुणी काढत नाही हे खरे, पण गाडीच्या क्षमतेपेक्षा कमी वेगाचा टायर लावून विमा कंपनीला वाद घालायला निमित्त देऊ नका. टायर बदलल्यावर टो (पुढची चाके एकमेकांकडे किती वळलेली आहेत ते) पुन्हा मोजून घ्या. क्रॉसप्लायसाठी लावलेला टो-इन रेडियलला सहसा जास्त ठरतो आणि पुढच्या टायरची कड करवतीसारखी झिजते.

चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) माफ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नक्षी १.६ मिमीच्या खाली गेली, तर एका टायरमागे अडीच हजार पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर दंडाचे तीन पॉइंट.

प्रश्न : १९८२ ची पोर्श ९११ एससी, फुक्सची १५ इंची चाके, १८५/७० आणि २१५/६०. महिन्यातून एकदा ऑटोक्रॉस (शंकू मांडलेल्या छोट्या मार्गावर घड्याळाशी शर्यत), बाकी रस्त्यावर. १६ इंचीवर जावे का? आणि आर-कंपाउंड टाकू की २०० ट्रेडवेअर पुरेल? – एक वाचक, सॅन होजे

व्यासाची अडचण नाही. तुमचे टायर ६४० मिमीच्या आसपास आहेत. पुढे २०५/५५ आर १६, मागे २२५/५० आर १६ हे दोन्ही ६३२ चे. हे माप त्या काळी कारखान्यातूनच मिळत होते, पुढे सहा आणि मागे सात इंची रिमवर. खरा फायदा निवडीचा : १६ इंचीत चांगले परफॉर्मन्स टायर भरपूर मिळतात, १५ मध्ये २१५/६० शोधत बसावे लागते. गाडी मूळ रूपात ठेवायची असेल तर पिरेल्लीचा सीएन३६ याच दोन मापांत पुन्हा मिळतो आणि रस्त्यावर तो फार सुरेख चालतो. ऑटोक्रॉसला मात्र त्याची भिंत मऊ पडते.

आर-कंपाउंड, म्हणजे शर्यतीच्या मऊ रबराचा टायर, घेऊ नका. ट्रेडवेअर (टायर किती टिकेल याचा बाजूवरचा आकडा) १०० किंवा त्याखालचा टायर गरम झाल्यावरच चिकटतो, आणि तुमची फेरी मिनिटभरात संपते. रस्त्यावर, थंडीत, पहिल्या पावसात तो धोक्याचा. प्रत्येक तापण्या-निवण्यात तो कडक होत जातो, नक्षी असूनही पकड जाते. २०० चा टायर घ्या. एससीसीए या अमेरिकी मोटर-शर्यत संघटनेच्या स्ट्रीट वर्गात किमान २०० लागतोच. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून एका कंपनीचा २०० आणि दुसरीचा २०० सारखाच झिजेल असे समजू नका.

चारही एकदम घ्या. वजनाचा मोठा भाग मागे असलेल्या गाडीत पुढे ताजे, चिकट आणि मागे तीन वर्षांचे कडक टायर म्हणजे वळणात पाय उचलला की शेपूट पुढे.

हवेसाठी थंड टायरला पुढे २९, मागे ३४ पासून सुरुवात करा. खांद्यावर जो छोटा त्रिकोण कोरलेला असतो, तिथून नक्षीपर्यंत खडूने आडवी रेघ मारा आणि एक फेरी घ्या. खडू त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला तर हवा ठीक. त्याच्या खाली भिंतीवरही पुसला गेला तर टायर लोळतोय, दोन पीएसआय वाढवा. त्रिकोणाच्या बऱ्याच वर खडू शिल्लक राहिला तर दोन कमी करा. थर्मामीटर असेल तर आत, मध्ये, बाहेर असे तीन ठिकाणी तापमान घ्या. मधला भाग दोन्ही कडांपेक्षा गरम असला की हवा जास्त. निगेटिव्ह कॅम्बरमुळे (चाक वरच्या बाजूला आत झुकलेले असल्याने) आतली कड थोडी गरम असणारच, ती पाहून घाबरू नका. आणि नवे टायर पहिल्याच रविवारी ट्रॅकवर नेऊ नका. साच्यातून सुटावे म्हणून लावलेला थर वर असतो, दीडदोनशे किलोमीटर सांभाळून चालवल्यावर तो जातो.

प्रश्न : नायट्रोजन भरावा का? आणि स्टेपनी जुनीच ठेवली तर चालेल? – एक वाचक, नाशिक

फुकट मिळत असेल तर भरा. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पंधरा दिवसांनी सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी स्वतःच्या गेजने हवा तपासली तर नायट्रोजनपेक्षा जास्त उपयोग होतो.

स्टेपनीचाही तारखेचा आकडा वाचा. डिकीतला न वापरलेला टायर नवा दिसतो, पण त्याचेही वय बाकी चारांसारखेच वाढते, आणि ट्यूब असेल तर ती आत चिकटून बसलेली असते. दहा वर्षांवरची असेल तर बदला. तोवर कधी वापरावीच लागली, तर मागच्या चाकाला लावा. पंक्चर पुढे झाले असेल तर मागचे चांगले चाक पुढे आणा, स्टेपनी मागे घाला, आणि साठच्या वर न जाता टायरच्या दुकानापर्यंत जा.